मोजून दिलेली पाने

"‘चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक पानसुद्धा इकडचं तिकडं झालं नाही.’ कसं वाटतंय, काका? की आणखी थोडं चढवू?"

ग्रंथपाल मॅडम बांधणीच्या खोलीच्या दारात उभ्या राहून शुक्रवारच्या निरोपसमारंभाचे भाषण वाचून दाखवत होत्या. आणि नेमकी त्याच वेळी बाइंडरकाकांच्या हातात इकडची तिकडे झालेली सोळा पाने होती.

"बरंय," काका म्हणाले आणि त्यांनी ती पाने पुठ्ठ्याखाली सरकवली.

"नुसतं बरंय? दोन रात्री जागून लिहिलंय मी!" असे म्हणत मॅडम गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज वाचनकक्षापलीकडे विरेपर्यंत काका हलले नाहीत. मग त्यांनी पाने पुन्हा बाहेर काढली, चष्मा पुसला आणि पाहिले. चष्मा पुसून काही फरक पडला नाही.

वाचनालयात काकांच्या मागे त्यांना सगळे मोजूनकाका म्हणत. पुस्तक दुरुस्त होऊन आले की कोणी विचारायचे, "सगळं नीट आहे ना?" आणि काका मान वर न करता सांगायचे, "मोजून दिलंय." हे त्यांचे उत्तर ठरलेले. सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे एकावर एक रचायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि शेवटी पाने मोजायची. वाचायचे मात्र नाही. "वाचत बसलो तर बांधणार कधी?" असे ते म्हणत. या बोलण्यात थोडी ऐटही होती. हजारो पुस्तके ज्यांच्या हाताखालून गेली, त्या माणसाने एकही पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेले नव्हते, आणि याची त्यांना आजवर लाज वाटली नव्हती.

या वाचनालयाची एक जुनी रीत होती. पुस्तक आवडले, तर वाचकाने चार ओळींची चिठ्ठी लिहून दारातल्या पेटीत टाकायची. काका ती चिठ्ठी त्या पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत चिकटवायचे, म्हणजे पुढच्या वाचकाला कळते की आधीच्याला काय भावले. वर्षअखेरीस ज्या पुस्तकांत सर्वांत जास्त चिठ्ठ्या, ती काचेच्या कपाटात मांडायची: एक इतिहासाचे, एक व्यवस्थापनाचे, एक मुलांच्या विभागातले. यंदा इतिहासात ‘वेढे आणि तह’ पहिले आले होते. एकतीस चिठ्ठ्या! त्या चिठ्ठ्यांच्या ओझ्याने पुस्तकाची पाठच मोडली, म्हणून ते नव्याने बांधायला काकांकडे आले होते.

काकांनी जुनी शिवण उसवली, फर्मे वेगळे केले, मोजायला घेतले आणि एक फर्मा जास्त भरला. पान १४५ ते १६० दोनदा. एकदा किल्ल्याच्या वेढ्याचे. दुसऱ्यांदा, कारखान्यात पाळ्या कशा लावाव्यात, याचे.

तेव्हा काकांनी आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठ्या वाचल्या. कुणा निवृत्त अधिकाऱ्याने लिहिले होते, ‘ऐन वेढ्यात राजाने पाळ्यांचा आणि सुट्ट्यांचा इतका बारकाईने विचार केला, हे वाचून थक्क झालो.’ दुसऱ्याने लिहिले होते, ‘तहाच्या जोडीने टेलिफोनवर कसे बोलावे हेही सांगितले आहे. लेखकाचा आवाका दांडगा.’ आणि एका विद्यार्थिनीने गोल अक्षरात, ‘पान १४५ ते १६० दोनदा छापली आहेत. महत्त्वाची असतील म्हणून मी दोन्ही पाठ केली.’

दुसऱ्या कुणाची चूक असती तर काका पोट धरून हसले असते. पण ही शिवण त्यांची होती. गाठ मारायची आपली पद्धत त्यांना डोळे मिटूनही ओळखता आली असती.

मग त्यांना दुसरे पुस्तक आठवले, आणि हसू येण्याची शक्यताच संपली.

‘कारखान्यातली माणसे’. एकाच छापखान्यातली, एकाच आकाराची, एकाच टाइपातली ही दोन पुस्तके एकोणतीस वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात त्यांच्या टेबलावर आली होती. इथला एक फर्मा तिथे गेला. का गेला? घाई नव्हती, डोके दुखत नव्हते, घरी कुणी आजारी नव्हते. काकांनी कारण शोधून पाहिले, पण सापडेना; तेव्हा शेवटची मोजणी केली होती की नाही, तेही आठवेना. शीर्षक छापलेले नव्हते, पानावर फक्त आकडे होते, आणि काका आकडेच बघायचे. एक ओळ वाचली असती तरी कळले असते.

काही महिन्यांनी ‘कारखान्यातली माणसे’ परत आले, तेव्हा १४४ नंतर एकदम १६१ होते. शेवटचा वाचक लेथच्या कारखान्यातला एक फोरमन. बढतीच्या परीक्षेसाठी पुस्तक नेलेला. तेव्हाच्या ग्रंथपालांनी काकांना बोलावून विचारले होते, "तुमच्याकडून नीट गेलं होतं ना?"

"मोजून दिलंय," काका म्हणाले होते. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण तरुण वय, आणि कुणीतरी मत विचारलेले. त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवून निकाल दिला होता, "ब्लेडनं काढलीत. सराईत हात आहे."

फोरमनचे नाव महिनाभर सूचनाफलकावर होते. ‘पुस्तकाची पाने फाडल्याबद्दल सभासदत्व रद्द.’ चार-पाच दिवसांनी तो स्वतः येऊन म्हणाला होता, "पानं आमच्या घरातच फाटली. चूक आमची," आणि आपले कार्ड, मुलीचे कार्ड, मुलीचे अर्धवट पुस्तक असे सगळे काउंटरवर ठेवून गेला होता. काकांनी तेव्हा मनात म्हटले होते, बघा, मी सांगितलंच होतं.

आता ती सोळा पाने टेबलावर पडली होती. कडा सरळ, शिवणीची भोके जागच्या जागी. ब्लेड कधी त्यांच्या जवळपासही आले नव्हते.

काकांनी सगळे मॅडमना सांगितले. चिठ्ठ्या वाचून मॅडम आधी खळखळून हसल्या, पण फोरमनपाशी आल्यावर त्यांचे हसू मावळले.

"काका, एकोणतीस वर्षं झाली. तो माणूस आहे की नाही, तेही ठाऊक नाही. शुक्रवार पार पडू दे. मी ते वाक्य काढून टाकते."

"वाक्य काढाल हो. फलकावर त्याचं नाव लागलं ते कसं काढाल?"

"पण त्यानं कबूल केलं होतं म्हणता ना?"

"तेच तर कळत नाहीये," काका म्हणाले. "जे फाटलंच नाही, ते त्यानं कबूल कसं केलं?"

बुधवारी दुपारी, जुन्या अर्जावरचा पत्ता खिशात आणि सोळा पाने कागदात गुंडाळून, काका निघाले. कारखान्यामागच्या चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढताना त्यांना दोनदा वाटले की कुलूप असावे. दार चाळिशीच्या एका बाईने उघडले. हातात ओले फडके, कपाळावर सरकवलेला चष्मा.

काकांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकले. वाचनालय, पुस्तक, फर्मा, चूक. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये ऐन वेळी पळाली होती, त्यामुळे जसे सुचले तसे. बाई ऐकत राहिल्या. फडक्यातले पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होते.

"म्हणजे पानं होती," त्या शेवटी म्हणाल्या.

"होती. दुसऱ्या पुस्तकात. माझ्यामुळं."

"मला सांगू नका. बाबांना सांगा. आणि मोठ्यानं सांगा, लेथपाशी उभं राहून कान गेलेत त्यांचे."

फोरमन खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. आता नुसती हाडे राहिली होती, पण बसणे ताठ. काका समोर उभे राहिले. चौतीस वर्षे ‘शांतता राखा’च्या पाटीखाली काढलेला माणूस; घरीसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी सांगितले. फोरमनने कानामागे हात धरला. त्यांनी पुन्हा सांगितले. फोरमनने मान हलवली, ऐकू आले नाही.

तेव्हा काका ओरडले. "पानं कुणीच फाडली नव्हती! मी चुकलो! मी दुसऱ्या पुस्तकात शिवली!"

शेजारचे दार उघडल्याचा आवाज आला. खालच्या मजल्यावर कुणीतरी बोलायचे थांबले. एकदा ओरडल्यावर काकांना पुढचे सोपे गेले. "मीच म्हणालो होतो ब्लेडनं काढलीत म्हणून! खोटं होतं ते! न बघता बोललो!" आणि त्यांनी कागद उलगडून सोळा पाने फोरमनच्या मांडीवर ठेवली.

फोरमनने पाने उलटली. एकशे पंचेचाळीस, एकशे शेहेचाळीस. शेवटच्या पानापर्यंत गेला. मग काकांकडे न बघता त्याने मुलीकडे पाहिले.

"मग तू का म्हणालीस, मी फाडली म्हणून?"

काकांना वाटले, आपण इथून जावे.

"अकरा वर्षांची होती ही," फोरमन सांगू लागला, काकांना की स्वतःला, कोण जाणे. "घरात आम्ही दोघंच. मी फाडली नव्हती. मग राहिलं कोण? ही कागदाची घरं करायची, बोटी करायची. रोज विचारायचो, खरं सांग, एकदा खरं सांग. चौथ्या दिवशी म्हणाली, हो, मी."

"तुम्ही चार दिवस जेवला नव्हतात, बाबा," मुलगी मोठ्याने म्हणाली. मोठ्याने बोलायची सवय असावी. "मी हो म्हटलं आणि तुम्ही उठून हात धुतलेत."

फोरमनने मांडीवरची पाने जुळवून काकांना परत दिली. "त्यानंतर हिला एक पुस्तक आणून दिलं नाही मी," तो म्हणाला. "म्हटलं, जिला किंमत नाही तिला कशाला." मग त्याने विचारले, "तेव्हा कुठलं वाचत होतीस गं?"

तिला आठवावे लागले नाही. "‘दीपगृहावरची सुट्टी’. वादळात मुलांची होडी सुटली होती. तिथंच राहिलं."

"ते मला ठाऊक आहे!" काका एकदम म्हणाले. "त्यातला वादळाचा फर्मा सारखा सुटतो. मुलं तिथंच पुन्हा पुन्हा उघडतात. पाच वेळा शिवलाय मी तो."

बाईंनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच नीट काकांकडे पाहिले. "मग सांगा ना. होडी परत येते का?"

पाच वेळा शिवलेल्या पानांत काय होते, ते काकांना माहीत नव्हते. या सगळ्या शरमेत ही शरम त्यांना सर्वांत जास्त झोंबली.

गुरुवारी काकांनी दोन कामे केली. सकाळी ती सोळा पाने ‘कारखान्यातली माणसे’मध्ये जागच्या जागी शिवली आणि मॅडमकडून मागून घेतलेल्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहिले: ‘या पुस्तकाची पाने कोणत्याही वाचकाने फाडली नव्हती. बांधणी करणाऱ्याने ती चुकून दुसऱ्या पुस्तकात शिवली व वाचकावर खोटा आळ घेतला.’ खाली सही. ही चिठ्ठी त्यांनी पुस्तकात लावली नाही. सूचनाफलकावर, मधोमध टाचली.

"महिनाभर काढू नका," ते मॅडमना म्हणाले. "त्याची सूचनाही तेवढेच दिवस होती."

दुपारी त्यांनी खोलीचे दार लोटून घेतले. संध्याकाळी शिपाई झाडायला आला, तेव्हा मोजूनकाका खिडकीच्या उजेडाला धरून मुलांचे पुस्तक वाचत होते. त्याने दोनदा हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही.

शुक्रवारी पाच वाजता वाचनकक्षात खुर्च्या मांडल्या गेल्या. काकांना मधल्या खुर्चीत बसवले होते आणि त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हते. मॅडम भाषणाचा कागद घेऊन उभ्या राहिल्या, तेवढ्यात काकांचा निरोप मिळून फोरमन दारातून आला. धुतलेला, इस्त्रीचा शर्ट, एक हात मुलीच्या खांद्यावर. तो खुर्च्यांकडे वळलाच नाही. आधी सूचनाफलकापाशी थांबला आणि चिठ्ठीतल्या प्रत्येक शब्दाखालून बोट फिरवत ती वाचली. मग काउंटरवर आला.

"हिच्या नावाचं कार्ड करा!" त्याचा आवाज त्या शांत खोलीत भिंतींना जाऊन लागला. "पानं हिनं फाडली नव्हती!"

‘शांतता राखा’ची पाटी त्याच्या डोक्यावरच होती. कोणीही त्याला गप्प केले नाही. पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी पेपर खाली घेतले. मॅडमनी भाषणाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि नवे कार्ड काढले.

काका खुर्चीतून उठले. आतल्या खोलीत जाऊन पुस्तक घेऊन आले. नवे निळे कापड, वादळाच्या फर्म्याला दुहेरी शिवण. मलपृष्ठाच्या आत मुलांच्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्यांखाली एक ताजी चिठ्ठी, खळ अजून ओली असलेली. त्यांनी पुस्तक बाईंच्या हातात दिले.

"येते का होडी?" बाईंनी हळूच विचारले.

"आता ठाऊक आहे मला," काका म्हणाले, "पण सांगणार नाही."

फोरमनने मुलीच्या हातातून पुस्तक घेतले, वजन बघितल्यासारखे तोलले आणि काकांकडे रोखून पाहिले. "पानं सगळी आहेत ना?"

काकांच्या जिभेवर नेहमीचे उत्तर आले आणि तिथेच थांबले.

"वाचून दिलंय," ते म्हणाले.

फोरमनने कानामागे हात धरला.

"वाचून दिलंय!" काका सगळ्यांदेखत ओरडले.

फोरमनने मान डोलावली, पुस्तक मुलीला परत दिले आणि तिला कार्डावर सही करता यावी म्हणून तिच्या खांद्यावरचा हात काढून काउंटरची कड धरली.