बाबांच्या खुर्चीशेजारी

शनिवारी इंग्रजीच्या वर्गात बाबांनी ‘ऑन’ शिकवायला घेतला. म्हणजे ते माझ्या कानाशी कुजबुजले आणि मी वर्गाला मोठ्यानं सांगितलं. त्यांच्या घशाच्या ऑपरेशनपासून आमचं असंच चालायचं. पुढच्या खोलीत बाकं, त्यांवर कामावरून थेट आलेली मोठी माणसं. आणि मी फळा नि बाबांची खुर्ची यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभी.

“ऑन द बस,” मी म्हणाले.

“टपावर बसायचं की काय, सर?” ड्रायव्हरनं विचारलं.

बाबा कुजबुजले. “टॅक्सीत ‘इन’, बसमध्ये ‘ऑन’,” मी म्हणाले. “कारण विचारू नका, जिभेला वळण लावा. ऑन द फोन. ऑन ड्यूटी. ऑन लीव्ह.”

“हे शेवटचं आमच्या मोठ्या बाईंना शिकवा हो,” नर्स म्हणाली. “त्यांना रजा हा शब्दच ठाऊक नाही.”

खोली हसली. बाबांचं हसू फक्त खांद्यांत दिसायचं.

दुसऱ्या शहरातल्या एका प्रकाशनानं मला मुद्रितं तपासायच्या नोकरीवर बोलावलं होतं, तिथली माणसं माझ्या उत्तरासाठी थांबली होती. बाबांना सांगायला रोज तोंड उघडायचे आणि त्यातून त्यांचंच वाक्य बाहेर पडायचं.

रविवारी दुपारी जेवून बाबा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

माणसं भेटून गेली. मग काकांनी बाकं पुसून घेतली. “वर्ग बंद पडता कामा नये. तुला सगळं तोंडपाठ आहे.”

“बापाचं नाव राखलंस गं बाई,” आत्या म्हणाली. मी अजून काहीच बोलले नव्हते.

वर्ग भरला. काका दारात उभे राहिले. माणसांनी वह्या उघडल्या.

“ताई, आता ‘ॲट’ ना?” ड्रायव्हरनं हळूच विचारलं.

सवयीनं मी खुर्चीकडे वाकले. तशीच थांबले. कुणी काही सांगितलं नाही. ‘ॲट होम, ॲट वर्क’ आपोआप ओठांवर येत होतं. ते एकदा म्हटलं, की केस पिकेपर्यंत मी याच जागेत उभी.

मी सरळ झाले.

“मला इथं राहायचं नाहीये.”

नेहमीच्याच आवाजात बोलले, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या. काका म्हणाले, “अगं, आत्ता हे काय?”

मी खुर्चीकडेच बघत होते.

“बाबा, तुम्ही असतानाही नव्हतं राहायचं.”