दोन बेगिमाय, एक ओळ

मित्रांनो, मी अवघ्या नऊ ओळींची एक म्हातारी स्क्रिप्ट आहे. संगणकाला हुकूम देणारा मजकूर, एवढाच माझा देह. डोंगरातल्या खिंडीआडच्या या दवाखान्यात कम्प्युटरचं काम पाहणाऱ्या एर्मेकने मला लिहिलं. गावोगावच्या नर्सबाया इन्सुलिनसाठी याद्या पाठवत आणि एकच माणूस त्यांत तीन-तीनदा येई. नाव, वडिलांचं नाव आणि जन्मसाल जुळलं, की पहिली नोंद ठेवून बाकीच्या मी पुसत असे. "काय झटपट करते गं बाई!" यादी सांभाळणाऱ्या गुलबाराताई खूश व्हायच्या. पुढे एर्मेक कामासाठी रशियात गेला. नंतर मला कुणी उघडूनही पाहिलं नाही. "चालतंय ना? मग हात लावू नका," एवढंच कानी येई.

आमच्याकडे पहिलं नातवंड आजोबांच्या पदरात घालतात. मग वडिलांच्या जागीही आजोबांचंच नाव लागतं. म्हाताऱ्या सबिरबेकची नात बेगिमाय अशीच वाढलेली. त्याच गावातल्या ट्रकवाल्या सबिरबेकची मुलगीही बेगिमाय. दोघी नऊ वर्षांच्या, दोघींना साखरेचा आजार. नातीचं नाव यंदाच यादीत आलं. मी ते पुसलं. मित्रांनो, मीच पुसलं हो!

यादीतल्या नावांपुरत्या मोजून इन्सुलिनच्या कुप्या आल्या आणि मागोमाग बर्फाने खिंड बंद झाली. आजोबा नातीला घोड्यावर घेऊन आले. पोर सारखी पाणी मागत होती.

"आजोबा, यादीत एकच बेगिमाय आहे. कम्प्युटर कसा चुकेल?" गुलबाराताई म्हणाल्या.

"अगं पोरी, मग ही कोण? हिची सावली घेऊन आलोय का मी?"

ताईंनी नर्सबाईची मूळ यादी काढली, तिच्यात दोन बेगिमाय होत्या. त्यांनी शहरात फोन लावला. "खिंड उघडली की पाठवू," उत्तर आलं. खिंड एप्रिलमध्ये उघडते.

कुप्या न्यायला आलेली ट्रकवाल्याची बायको नाझगुल सगळं ऐकत होती. तिने पिशवीतल्या निम्म्या कुप्या टेबलावर ठेवल्या.

"अगं, तुझ्या लेकीला पुरायच्या नाहीत," ताई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. फेब्रुवारीपर्यंत जातील. पण हिला नाही कसं म्हणू?"

आता जानेवारी सरत आलाय. ताई रोज मला उघडून बसतात, पण माझी भाषा त्यांना येत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला येत असेल, तर माझी चौथी, नावं पुसणारी ओळ बदला. पुसण्याआधी माणसाला विचारायला मला शिकवा. दोघींच्या मिळून सहा कुप्या उरल्यात.