रंध्याच्या गाठी

सुतारांच्या त्या घरात हाताच्या पेरांवर गाठी आल्या की माणूस कामाला लागला असं समजत. आजोबांना होत्या, काकांना होत्या, सुताराला स्वतःला तर विशीतच आल्या. टणक, बोराएवढ्या, टाचेमागच्या शिरेवरही तशाच. रंधा मारून मारून येतात म्हणे! आजोबा आणि काका दोघेही चाळिशीच्या आत, रंधा हातात असतानाच गेले. त्याचाही यांना अभिमान. आता असल्या अभिमानाला काय म्हणावं!

त्यामुळे धाकट्या लेकीच्या पेरांवर गाठी दिसल्या तेव्हा सुताराला आभाळ ठेंगणं झालं. पोरीने अजून साधा खिळासुद्धा ठोकला नव्हता. "हिला उपजतच हात आलाय!" म्हणत त्याने काकांची लाकूड तासायची पटाशी तिच्या हवाली केली. बायकोही हसली. तीही सुताराच्याच घरची, तिच्या माहेरीही या गाठी होत्या.

मग एकदा जिना चढताना धाकटी छाती धरून खाली बसली, आणि तिघं दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाईंनी आधी पोरीचे हात पाहिले, मग आईबापांचे. त्यांचा चेहरा उतरला. तिघांचं रक्त तपासून आल्यावर पोरीला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं.

"या कामाच्या गाठी नाहीत," त्या म्हणाल्या. "हे साठलेलं कोलेस्टेरॉल आहे. रक्तात ते बारीक कणांत भरून फिरत असतं. यकृताच्या पेशींवर त्या कणांना धरणारे आकडे असतात. कण अडकला की पेशी त्याला आत ओढून फोडते आणि आकडा पुन्हा बाहेर पाठवते. तुमचे निम्मे आकडे बिघडलेत, बाईंचेही निम्मे. पोरीला दोघांकडून बिघडलेलेच आले. तिच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलायला कोणी नाही. ते हृदयाच्या नळ्यांत बसत चाललंय."

"मग गोळ्या द्या की!"

"देऊ. पण गोळ्या आकडे वाढवतात, आणि हिच्याकडे धड आकडाच नाही. यकृत बदलावं लागेल."

सुतार ताडकन उठला. "माझं घ्या. आत्ता घ्या. तुकडा पुरतो ना?"

"पुरतो. पण तुमच्यातही तोच दोष आहे. रक्ताच्या नात्याबाहेरचं शोधू."

बायकोने आपले गाठीचे हात पदराखाली घेतले. सुतार मटकन खाली बसला. लेकीवरून जीव ओवाळून टाकायला निघालेला माणूस, आणि त्याच्या अंगात तिला देण्याजोगं काही नव्हतं. द्यायचं ते आधीच देऊन बसला होता.

बाहेर धाकटी बाकावर पाय हलवत बसली होती.

"बाबा, गाठी कामाच्या नाहीत ना? मी दारातून ऐकलं. मग पटाशी परत द्यायची का?"

सुताराने तिचा हात आपल्या हातात घेतला.

"परत घेता आलं असतं ना, तर सगळंच घेतलं असतं गं," तो म्हणाला, आणि दवाखान्यातल्या सगळ्या लोकांदेखत हमसून हमसून रडला.