दुपारचं माप

माझं माप घेतलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. मी हात जरा उचलून उभी होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एकला जेवणाची सुट्टी झाली की बाथरूमची कडी लावायची, दूध काढायचं, बाटली पिशवीच्या तळाशी ठेवून वर स्कार्फ कोंबायचा, आणि वेळ उरलाच तर डब्यातले दोन घास. रोजचा कार्यक्रम.

मला आठ महिन्यांची मुलगी आहे हे कपडे बनवणाऱ्या त्या कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. फॅशनच्या कॉलेजात माझ्यापुढे असलेल्या एकीने बजावलं होतं, "कामाची ट्रायल संपेपर्यंत बाळाचं नावसुद्धा काढू नकोस. तोंडावर गोड बोलतील आणि पत्र दुसरीला देतील." पत्र म्हणजे कायम नोकरीचं. पदवीनंतर या देशात राहायला मिळालेला परवाना महिनाअखेरीला संपत होता. पत्र मिळालं तर तो वाढणार, नाही मिळालं तर आम्ही तिघं विमानात. म्हणून पाच आठवडे मी मूग गिळून बसले होते.

खरं तर मी तिथे कटिंग शिकायला लागले होते. कागदावर बाही, कॉलर, पाठ आखायची आणि त्यावरून कापड कापायचं. पण नेहमीच्या मॉडेलचा पाय मोडला आणि मुख्य डिझायनरबाईंची नजर माझ्यावर पडली. शुक्रवारी मोठे खरेदीदार येणार होते. तीन जॅकेटं माझ्याच मापाने बेतून माझ्याच अंगावर दाखवायची ठरली. टाचण्या टोचल्या तरी हलायचं नाही, एवढंच काम. मला ते जड गेलं नाही. बाळ झाल्यापासून मला सगळं जरा लांबूनच ऐकू यायचं, कुणी काचेपलीकडून बोलावं तसं. शिलाईच्या मशीनवरच्या बायका मला पुतळा म्हणायला लागल्या. "पुतळेराव, चहा घेणार का?" त्या हसायच्या. मीही हसायचे.

माप घेतलं ते कटरबाईंनी. मनातल्या मनात मी त्यांना मास्तरीण म्हणायचे. तीस वर्षं त्या एकाच टेबलाशी उभ्या होत्या. आपल्या कात्रीला कुणाला हात लावू देत नसत, मला मात्र देत. "कापडाला ओढू नकोस. त्याला आधी झोपू दे, मग काप," असं पुटपुटायच्या. त्यांनी छातीचं माप दोनदा घेतलं, वहीत लिहिलं, आणि भारी लोकरीच्या कापडाला कात्री लावली.

त्याच सोमवारी तीन वाजता मी कच्च्या टाक्यांनी जोडलेलं पहिलं जॅकेट घातलं. खांदे चोख बसले होते. छातीवर मात्र कापड लोंबत होतं. डिझायनरबाईंनी ते दोन बोटांत धरलं.

"हे काय? आणखी कुणाला आत बसवायचंय का?" त्या मास्तरणींकडे वळल्या. "अडीच सेंटीमीटर! चष्मा बदला, नाहीतर टेबल सोडा."

मशीनवरच्या बायका हसल्या, मास्तरणींनी वही उघडून माप पुन्हा वाचलं. मंगळवारी साडेबाराला त्यांनी पुन्हा माप घेतलं. अगदी पहिल्याइतकंच भरलं. त्यांनी टेप लोखंडी पट्टीवर ताणून तपासला, मग दुसऱ्या टेबलावरचा टेप मागून आणला. तेच माप. तीन वाजता दुसरं जॅकेट घातलं, तेही ढगळ. या वेळी कुणी हसलं नाही. "शुक्रवार होऊ दे, मग आपण बसून बोलू," डिझायनरबाई म्हणाल्या. बसून बोलायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. आईने वीस वर्षं घरी बायकांचे कपडे शिवले आहेत. मी तिला मापांचा घोळ आपला गंमत म्हणून सांगितला.

"अगं, अंगावर पाजणाऱ्या बाईचं माप कुणी घेतं का? भरल्या अंगाचं एक, रिकाम्या अंगाचं एक. मी तर सरळ सांगायचे, मूल चालायला लागलं की या. तुमच्या त्या बाईंना एवढं कळत नाही?"

"त्यांना कुठे माहीत आहे, आई."

"काय माहीत नाही?"

"ठमाबाई आहे, ते."

ठमाबाई हे लेकीला तिच्या बाबाने ठेवलेलं नाव. "माझ्या नातीला लपवून ठेवलंस होय," आई म्हणाली, आणि मग माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागली.

ठमाबाई मांडीवर पीत होती. पिता पिता तिचा एक हात माझ्या गळ्यावर फिरतो, काहीतरी हरवल्यासारखा शोधत राहतो आणि मग तिथेच झोपतो. मला काहीतरी वाटायला हवं होतं. सांगितलं तर मी गेले, नाही सांगितलं तर मास्तरीण गेल्या, एवढंच डोक्यात फिरत होतं, पाढ्यासारखं. त्यात मी कुठे नव्हतेच.

"तीन दिवस गप्प बस," नवरा म्हणाला. त्याच्या खांद्यावर बाळाचे लंगोट होते. "पत्र हातात पडू दे, मग काय ते बोल."

बुधवारी मी एक शहाणपणा केला. बारालाच बाथरूममध्ये जाऊन आले. मग मास्तरणींनी घेतलेलं माप अडीच सेंटीमीटरने कमी भरलं, तिसरं जॅकेट त्या मापाने कापलं गेलं, आणि तीन वाजता ते अंगावर सुरेख बसलं. डिझायनरबाई खूश. आता तिन्ही नीट होतील, मास्तरीणही वाचल्या आणि मीही, असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी मास्तरणींच्या टेबलावर एक रिकामं खोकं होतं. त्या त्यात खडू आणि टाचण्यांची उशी ठेवत होत्या. वही उघडी होती, सोमवार आणि मंगळवारच्या मापांवर काट मारलेली.

"दोनदा चुकले मी," त्या म्हणाल्या. "टेप बरोबर होता. दोन्ही टेप बरोबर होते. हात गेला माझा. त्यांनी हाकलण्याआधी आपणच निघावं." त्यांनी कात्री माझ्याकडे सरकवली. "घे. तुझ्या हाताला सवय आहे हिची."

मी कात्री घेतली नाही.

"मला बाळ आहे," मी म्हणाले. "अंगावर पिते. तुमची सगळी मापं बरोबर होती. काल मी आधीच दूध काढून आले होते."

त्यांनी खोकं बाजूला सरकवलं.

"कधीपासून?"

"आठ महिन्यांची झाली."

"बाळाचं नाही विचारलं. मापाचं तुला कधीपासून कळलं?"

"मंगळवारी संध्याकाळी."

त्यांनी मान हलवली आणि वही घेऊन सरळ डिझायनरबाईंच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने मलाही आत बोलावलं. डिझायनरबाई कपाळाला हात लावून हसत होत्या. "अगं वेडे, एवढंच होतं तर आधी नाही का सांगायचं? जेवणानंतर घेतली असती मापं. इथे निम्म्या बायकांना पोरं आहेत." मग मास्तरणींना म्हणाल्या, "माझं जरा जास्तच झालं." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "हिच्या पत्राचं तुम्हीच सांगा. जागा तुमच्या हाताखालची आहे."



"काम नीट करते. ठेवा," मास्तरीण म्हणाल्या. "पण माझ्या टेबलाला नको. दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि ही शेजारी उभी राहून कागद कापत होती. वरच्या मजल्यावर लेबलं लावायला माणूस हवंय, तिथे द्या."

पत्रावर फक्त 'सहायक' असं लिहिलेलं होतं. परवान्याला तेवढं पुरतं. नवऱ्याने ते तीनदा वाचलं आणि ठमाबाईला उचलून खोलीभर नाचवलं. ती खिदळत होती. मी पिशवी खाली ठेवायलाही विसरून दारात उभी होते.

"अगं, मिळालं ना? मग तोंड असं का?"

"मिळालं की," मी म्हणाले.

रात्रीत मशीनवरच्या बायकांनी आधीची दोन्ही जॅकेटं उसवून पुन्हा शिवली. शुक्रवारी सकाळी खरेदीदार यायच्या आधी मास्तरीण माझ्यापाशी आल्या. बटणं लावली, कॉलर सारखी केली, बाहीवरचा दोरा दाताने तोडला. सगळा वेळ त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. शेवटी गुडघ्यावर बसून खालची कड ओढत त्यांनी विचारलं,

"दूध काढलंस?"

"हो."

"मग नीट उभी राहा," त्या म्हणाल्या.