चौदा माणसांचं पिंप

त्या घरात माणसं चौदा आणि प्यायच्या पाण्याचं पिंप एक. चौदाही जण बोलघेवडे, त्यामुळे घसे सारखे कोरडे पडायचे आणि पिंपाच्या तोटीला उसंत म्हणून मिळायची नाही. हे पिंप भरतं ठेवायचं काम वीस वर्षं एकटी थोरली करत आली होती. थोरली म्हणजे घरातली मोठी सून. आणि तिच्या या कामाकडे डोळे विस्फारून बघायची धाकटी, आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सगळ्यांत लहान सून.

धाकटीच्या कौतुकाला कारण होतं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. रोज लोकांच्या घरचं पाणी बघून बघून तिचा माणसांच्या स्वच्छतेवरचा विश्वासच उडाला होता. लोक महागडं यंत्र भिंतीला ठोकतात आणि मग वर्षानुवर्षं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. इथे यंत्र कसलं, स्टीलचे दोन डबे एकावर एक ठेवलेले. वरच्या डब्यात पांढऱ्या मातीच्या तीन कँडल. नळाचं पाणी वर ओतायचं, ते कँडलमधून झिरपत थेंब थेंब खालच्या डब्यात उतरायचं, आणि खालचा डबा भरला की थोरली ते शेजारच्या पिंपात ओतायची. वायर नाही, बटण नाही, लाल-हिरवा दिवा नाही. जी काय होती ती थोरली.

आणि थोरली म्हणजे ऐरीगैरी बाई नव्हे. दर रविवारी ती कोपरापर्यंत हात धुवायची, कँडल बाहेर काढायची आणि लहान मुलांच्या दातांचा असतो तसल्या मऊ ब्रशने वाहत्या पाण्याखाली एकेक घासायची. साबण नाही, पावडर नाही. घासून झालं की फडताळातून एक बारकी पितळी बांगडी काढायची. ती तिच्या लेकीची, तान्हेपणीची. लेक आता कॉलेजात होती. बांगडी कँडलवर अडकली तर कँडल अजून चालेल. सुळकन खाली उतरली तर घासून घासून कँडल झिजली, नवी आणायची.

"ताई, हे तुम्हाला शिकवलं कुणी?" धाकटीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं.

"कोण शिकवणार? नव्या कँडलला ही बसत नव्हती. पुढे एकदा पाण्याची चव बदलली, तेव्हा बघितलं तर बसली. म्हटलं, चला, माप सापडलं."

दुसऱ्या दिवशी धाकटीने हे प्रयोगशाळेत सांगितलं. तिथले साहेब आयुष्यात कशाला चांगलं म्हणाले नव्हते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि "वा" म्हणाले.

थोरलीचा नियम एकच होता: फिल्टरला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. नियमामागे इतिहास होता. मधले भाऊजी, म्हणजे घरातला मधला मुलगा, एकदा मदतीचा उमाळा येऊन तारेच्या घासणीने कँडल घासायला बसले आणि तिचे दोन तुकडे करून उठले. त्या दिवशी थोरलीने त्यांना असं काही झापलं की तेव्हापासून फिल्टरच्या झाकणावर बसायची माशीचीही छाती नव्हती. थोरली सकाळी वरचा डबा भरायची, दहा वाजता शिवणकामाच्या कारखान्यात जायची, तीनला परत आली की पुन्हा भरायची. मधले पाच तास फिल्टर आपला एकटाच ठिबकत असायचा.

"पूर्वी मी तीनला यायचे तेव्हा पिंपात खडखडाट असायचा," ती एकदा धाकटीला अभिमानाने म्हणाली होती. "या उन्हाळ्यापासून बघ, घातलं त्याच्यापेक्षा जास्तच निघतं. वस्तूला जीव लावला ना, की ती पण आपल्याला जीव लावते."

धाकटीने मान डोलावली. पाण्याचं शास्त्र शिकलेली मुलगी, पण तिनेही तेव्हा मान डोलावली. माणूस एकदा भारावला की शिक्षण खुंटीला टांगतो.

मग चिमणीला कावीळ झाली. चिमणी म्हणजे मधल्या भाऊजींची सात वर्षांची पोर, घरात सगळ्यांत बडबडी. ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली आणि घराची वाचाच बसली. तिला उतार पडल्यावर तिचे आजोळचे आजोबा येऊन तिला आपल्याकडे घेऊन गेले. ते निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर पोरांना रांगेत उभं केलेलं, त्यामुळे मोठी माणसंही त्यांच्यापुढे आपोआप ताठ व्हायची. सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणत. जाताना ते दारात उभं राहून म्हणाले, "डॉक्टरांनी पाण्याबद्दल बजावलंय. तुमचं पाणी शुद्ध असल्याचा प्रयोगशाळेचा कागद मला दाखवा. सोमवारी शाळा सुरू होतेय. रविवारपर्यंत कागद मिळाला नाही, तर पोरीचं नाव मी आमच्याकडच्या शाळेत घालीन."

त्यांच्या लेकीने, म्हणजे मधल्या सुनेने, खाली बघितलं. थोरली मात्र हसून म्हणाली, "हात्तिच्या, एवढंच ना? घरातच तपासणारी आहे. कागद दोन दिवसांत पाठवते."

धाकटीने प्रयोगशाळेतून लहानशी बाटली आणली. तिच्यात औषध घातलेलं असतं. पाणी भरून ठेवलं आणि पाण्यात घाण असली, तर एका दिवसात आतलं पाणी काळं पडतं. तिने पिंपाच्या तोटीतून बाटली भरली आणि फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सगळे जमले असताना तिने ती खाली काढली. पाणी डांबरासारखं काळं झालं होतं.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मधली सून म्हणाली, "ताई, मी काही म्हणत नाहीये हं." आता काही म्हणायचं नसेल तर माणसाने म्हणू नये, पण तिचं पोर आजारी पडलं होतं.

थोरलीने बाटली हातात घेऊन उजेडात धरली. "म्हणजे माझ्या हातचं पाणी पिऊन पोर आजारी पडलं," ती म्हणाली. तिने फडताळातून पितळी बांगडी काढली आणि टेबलावर ठेवली. "भाऊजी, यंत्र आणा तुम्ही. हे दोन डबे भंगारात घाला." त्या दिवशी ती जेवली नाही, आणि तिला जेव म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही.

धाकटीच्या मनाला मात्र हे पटेना. यंत्र आलं तरी त्यातलं पाणी याच पिंपात पडणार होतं. आणि कोपरापर्यंत हात धुणाऱ्या बाईच्या पाण्यात घाण येते कुठून? दुपारी तिने तीन बाटल्या भरल्या. एक स्वयंपाकघरातल्या नळाची, ज्याला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी यायचं. दुसरी फिल्टरच्या खालच्या डब्याची. तिसरी पिंपाची, पण ते आधी रिकामं करून, उकळत्या पाण्याने धुऊन, फिल्टरचं ताजं पाणी ओतल्यावर. गुरुवारी सकाळपर्यंत बाटल्यांनी रंग दाखवायला सुरुवात केली होती. नळाची काळी पडत होती. फिल्टरची लख्ख. आणि धुतलेल्या पिंपाचीही लख्ख.

धाकटीला नाचावंसं वाटलं. फिल्टर निर्दोष होता, ताई निर्दोष होत्या. घाण पिंपात मागाहून, दिवसा कधीतरी पडत होती. पण सकाळी तर पिंपावर सगळ्यांचा डोळा असे. म्हणजे दुपार. तिने साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली, मागच्या दाराने घरात शिरली आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत दार किलकिलं करून बसली.

यंत्र अजून आलं नव्हतं, म्हणून थोरलीने सकाळी नाइलाजाने डबा भरला होता. एक वाजता जेवणं झाली. सव्वाला पिंपाची तोटी फुसफुसली, म्हणजे पाणी तळाला गेलं. दीडला आबा आले. आबा म्हणजे सासरे, ज्यांनी स्वतःचा कप कधी स्वतः विसळला नव्हता. ते चवड्यांवर चालत आले, इकडेतिकडे बघितलं, नळावर जग भरला, पिंपाचं झाकण उचललं आणि जग आत रिकामा केला. झाकणावरचे थेंब खांद्यावरच्या टॉवेलने टिपले आणि आल्या पावली परत गेले.

धाकटीने तोंडावर हात दाबून धरला. दहा मिनिटांनी मधली सून आली, पदराआड पातेलं. तीही इकडेतिकडे बघून पातेलं ओतून गेली. मग जेवायला घरी आलेले मधले भाऊजी, दोन्ही हातांत एकेक बाटली. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा भाव की हे अख्ख्या घरात आपल्यालाच सुचलंय.

तीन वाजता थोरली आली तेव्हा धाकटीने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. तीन बाटल्या टेबलावर मांडल्या आणि जे बघितलं ते सांगून टाकलं. कुणाची भीड ठेवली नाही. मधले भाऊजी आबांकडे बघू लागले, आबा मधलीकडे, मधली जमिनीकडे.

"अहो पण का?" थोरलीचा आवाज चढला. "पिंपात नळाचं पाणी? का?"

आबांनी टॉवेलने तोंड पुसलं. "उन्हाळ्यात तू एकदा अशीच तीनला आलीस," ते म्हणाले. "घामाने थबथबलेली. पेला घेऊन तोटी सोडलीस, तर अर्धा पेलाच निघाला. तेवढ्यात चिमणी पाणी मागत आली, तो अर्धाही तू तिला दिलास. म्हणालीस, मला कुठे तहान आहे. मी बाहेरून बघत होतो. आम्ही सगळे पोटभर पिऊन बसलेलो, आणि भरणारी कोरडी." त्यांनी फिल्टरकडे बोट केलं. "वरच्या डब्याला हात लावायची तुझी बंदी. म्हणून म्हटलं, निदान पिंपात तरी..."

"मला तर वाटलं, पिंपात गेलं की फिल्टरचंच होतं," मधली हळूच म्हणाली. "तुम्ही आल्यावर तुम्हाला एक पेला मिळावा, एवढंच होतं हो मनात."

आपल्यासाठी तीन-तीन माणसं चोरासारखी चवड्यांवर चालत होती, हे थोरलीला पचायला वेळ लागत होता. मग आबा एकदम बसले आणि म्हणाले, "म्हणजे चिमणीला मीच..."

"आबा, ते कुणालाच सांगता येणार नाही," धाकटी म्हणाली. "ती शाळेत पिते, मैत्रिणींकडे पिते. पण आजपासून इथे असं होणार नाही, हे मी सांगू शकते."

थोरलीने पदराने डोळे पुसले आणि टेबलावरची बांगडी उचलली. "चुकलं माझंही," ती म्हणाली. "हात लावू नका, हात लावू नका, म्हणून चौदा माणसांत एकटीच मिरवत बसले. आबा, उठा. हात धुवा. कोपरापर्यंत."

त्या संध्याकाळी आबा आयुष्यात पहिल्यांदा वरचा डबा भरायला शिकले. मधले भाऊजी यंत्र आणायला निघाले होते, ते चौथी कँडल घेऊन आले. ती बसवायला मात्र त्यांना कुणी हात लावू दिला नाही, हे सांगायला नको. पिंप पुन्हा उकळत्या पाण्याने धुतलं गेलं. शुक्रवारी संध्याकाळी, आबांनी दुपारची पाळी सांभाळल्यावर, धाकटीने तपासायला पाणी नेलं. शिवाय औषधाची एक बाटली भरून घरच्या फळीवर ठेवली. शनिवारी फळीवरची बाटली काचेसारखी होती, आणि कागदावर साहेबांची सही होती. सही करताना साहेबांनी विचारलं, "हे त्या बांगडीवाल्या बाईंचं घर ना?" आणि पुन्हा "वा" म्हणाले.

फोनवर चिमणीने सगळी हकीकत तीनदा ऐकली. आबा कसे चालत आले, ते धाकटीला चालून दाखवल्यासारखं सांगावं लागलं. एवढं सगळं ऐकून तिने एकच प्रश्न विचारला, "मग आता मोठ्या आईला पाणी उरतं का?" मोठी आई म्हणजे थोरली, घरातली सगळी पोरं तिला तेच म्हणायची.

रविवारी हेडमास्तर चिमणीला घेऊन आले. कागद त्यांनी उभ्या उभ्या वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा बघितली, घडी घालून खिशात ठेवला. "ठीक आहे," ते म्हणाले. "बघू, एक पेला द्या मला."

थोरलीने लगबगीने पेला विसळून त्यांच्या हातात दिला आणि पिंपाच्या तोटीला हात घातला. तेवढ्यात चिमणी मध्ये आली. आजारपणाने हात काटकुळे झाले होते, पण जीभ शाबूत होती.

"आजोबा, थांबा. आधी मोठी आई."

तिने दुसरा पेला घेतला, दोन्ही हातांनी तोटीखाली धरला आणि काठोकाठ भरून थोरलीपुढे केला. थोरली म्हणाली, "अगं, पाहुणे आहेत, मला कुठे तहान..." आणि बोलता बोलता थांबली, कारण घरची तेराही माणसं तिच्याकडे बघत होती. तिने पेला घेतला आणि उभ्यानेच, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. वीस वर्षांत भरल्या पिंपाचा पहिला पेला तिच्या तोंडी लागत होता. धाकटीला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही.

"गोड आहे गं," थोरली नवल वाटून म्हणाली.

हेडमास्तर रिकामा पेला हातात धरून तिच्या मागे उभे होते. त्यांच्या मागे आबा येऊन उभे राहिले, मग मधले भाऊजी, मग एकेक करत सगळं घर.