भोंगा गप्प झाला

मान-पाठ हातानं मोकळी करून देणं हा तिचा धंदा. दारावर पाटी कायरोप्रॅक्टरची, पण तो शब्द धड कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला मणकेवाली म्हणत. आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं तिच्याकडे यायची. तान्ह्याला ती मांडीवर आडवं घेई, आधी तळहात एकमेकांवर घासून गरम करी, आणि पिकला टोमॅटो चाचपावा इतक्याच हलक्या बोटांनी मानेपाशी दाबे. बाळ गप्प झालं की आईचा चेहरा असा काही खुले, की मणकेवालीच्या अंगावर मूठभर मांस चढे.

तिच्या धाकट्या बहिणीचं बाळ मात्र रडण्यात वस्ताद. त्याला भोंगा हे नाव मावशीनंच दिलेलं. काल तिनं त्याला मांडीवर घेतलं, बोटं फिरवली, आणि काय सांगावं, भोंगा बंद! चक्क झोपला. मावशीनं लगेच व्हिडिओ काढून झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मग काय, बाई दिवसभर हवेत.

आज सकाळी धाकटीचा फोन आला. "ताई, अजून झोपलाय गं. दूधही ओढत नाहीये."

"अगं, इतके दिवस रडून रडून दमलाय बिचारा. झोपू दे. तूही जरा पाठ टेक."

"पण हा असा कधीच..."

"माझ्यावर विश्वास आहे ना? मग उठवू नकोस."

फोनवर बोलायला काय जातं! दुपारी धाकटी बाळाला घेऊन दवाखान्यातच येऊन उभी राहिली. केस पिंजारलेले, पायात दोन वेगळ्या चपला. बाकावर पेशंट बसलेले. मणकेवालीनं "या भोंगोबा, या!" म्हणत बाळाला मांडीवर घेतलं, आणि तिचं हसू तोंडातच राहिलं. बाळ ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. लंगोट कोरडा ठणठणीत. टाळूवरून बोट नेलं, तर एरवी मऊ लागणारी ती फुगून वर आलेली, ताठ.

"बघत काय बसलीस? दाब ना मान," धाकटी म्हणाली. "कालच्यासारखी दाब!"

मणकेवाली बाळाला छातीशी धरून उठली. "हे माझं काम नाही. हॉस्पिटलात चल." बाकावरच्या पेशंटांना ती काही सांगायलाही थांबली नाही.

हॉस्पिटलात मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला बघितलं आणि भराभर माणसं बोलावली. "संसर्ग अंगात भिनलेला दिसतोय. कधीपासून असा निपचित आहे?"

धाकटीनं ताईला पुढे ढकललं.

"कालपासून," मणकेवाली म्हणाली. "मी मान दाबली त्याची. त्यानं तर काही..."

"तेही तपासू. पण सकाळीच का नाही आणलंत?"

"मीच म्हटलं, झोपू दे." सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली. बाळ रडलं नाही. दुसऱ्या हाताला टोचली. तरी नाही. पोरांना गप्प करण्यात जिचा हातखंडा, ती बाई खाटेवर वाकून ओरडायला लागली, "रड रे राजा! भोंग्या, रड की! मावशीच्या नावानं बोंब मार!"

पुन्हा सुई गेली, तेव्हा बाळाचं तोंड वाकडं झालं आणि एक बारीक, चिरका आवाज निघाला. धाकटी हुंदके देत खाटेपाशी आली. मणकेवालीनं सवयीनं तळहात घासून गरम केले, बाळाकडे नेले. धाकटीनं ते मधेच धरले.

"नको ताई," ती म्हणाली. "रडू दे त्याला."