सासूबाईंच्या चाकूची मूठ

घड्याळजीच्या सासूबाईंना जावयाशी बोलायला एकच वाक्य पुरायचं, "तुम्ही बसा." त्याने पाण्याचा पेला उचलला, तुम्ही बसा. कांदा सोलायला घेतला, तुम्ही बसा. कित्येक वर्षं त्या लेकीच्या घरी राहत होत्या, सगळा स्वयंपाक त्यांच्या हाती होता, आणि स्वतःच्याच घरात हा बापडा पाहुणा. हे त्याला फार लागायचं.

एकदा सासूबाई बहिणीकडे राहायला गेल्या आणि घड्याळजीच्या अंगात उत्साह संचारला. सासूबाईंच्या चाकूची लाकडी मूठ तेल पिऊन काळी पडली होती, आणि अंगठा टेकतो तिथे तर कोटाच्या बटणाएवढा डाग होता. दिवसभर घड्याळांतला मळ काढणाऱ्या माणसाला तो बघवेना. डाग घालवला की सासूबाई खूश होतील, निदान कांदा तरी हातात देतील, असं त्याने मनाशी धरलं.

साबण आणि कोमट पाण्याने डाग ढिम्म हलला नाही. मग त्याने मुठीवर अंगाला लावायची पावडर थापली आणि कापड गुंडाळून रात्रभर ठेवली. सकाळी पावडर तेल शोषून पिवळी झालेली. ती झटकून पुन्हा ताजी थापली, असं करता करता बायकोचा डबा रिकामा झाला. उरलासुरला डाग त्याने बारीक पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासून काढला. मूठ अशी उजळली की तो स्वतःवरच खूश झाला.

बायकोने मात्र विचारलं, हा कुणाचा चाकू? आणि खरं कळल्यावर ती हसत सुटली. म्हणाली, "आईला वाटेल तुम्ही तिचा चाकू हरवलात आणि नवा आणून गप्प बसलात. आता तुम्हाला चमचासुद्धा मिळायचा नाही."

घड्याळजीने ताबडतोब तेलाची बाटली काढली. आता काढलेला डाग परत आणायचा! हाताला तेल चोपडून तो मूठ घट्ट धरून बसू लागला. बातम्या बघताना चाकू हातात, फोनवर बोलताना चाकू हातात. शेजारी टीव्हीच्या आवाजाची तक्रार घेऊन आला, तर दार उघडणाऱ्याच्या तेलकट हातात चाकू. शेजाऱ्याने तब्येतीची चौकशी केली आणि तो आल्या पावली परत गेला. शेवटी तेलात काजळी कालवल्यावर अंगठ्याखाली डाग उमटला, अगदी पहिल्यासारखा. घड्याळजीचा जीव भांड्यात पडला.

सासूबाई आल्या, हातपाय धुतले आणि थेट जेवणाच्या टेबलावरचा चाकू उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"जावईबापू, माझा चाकू डावखुरा कसा झाला?"

घड्याळजीने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. सगळं मुसळ केरात! सासूबाईंचा अंगठा टेकायचा एका बाजूला, याचा डाग उमटला होता दुसऱ्या बाजूला. मग त्याने पावडरीपासून काजळीपर्यंत सगळं घडाघडा सांगून टाकलं आणि मान खाली घालून बसला.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. आत बराच वेळ खडखडाट चालला होता. आता आपली पाहुणकीही गेली, असं त्याला वाटलं.

त्या बाहेर आल्या त्या ओचा भरून. तेलकट लाटणं, रवी, लाकडी कालथे, सगळं त्याच्या मांडीवर ओतलं आणि वर चाकू ठेवला.

"तो डाग काढायला मी लिंबू घासलं, मीठ घासलं, हात दुखून आले. तुम्हाला जमलं आणि तुम्ही तो परत आणलात?"

घड्याळजी मांडीवरून घसरणारं लाटणं सावरू लागला.

"बसलात काय?" सासूबाई म्हणाल्या. "उठा, पावडर आणा."